एकोणीस दिवसांची ओहोटी

माळीपुऱ्यात पंचफुलाबाईंसमोर समुद्राच्या बढाया मारायच्या नाहीत, एवढं वाशीमच्या शहाण्या माणसाला ठाऊक होतं. खेमा नावाचा एक बहाद्दर मुंबई पाहून आला आणि पारावर बसून समुद्राचं वर्णन करायला लागला. पंचफुलाबाई वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"भरती होती का ओहोटी?" त्यांनी विचारलं.

खेमा गडबडला. "पाणी होतं न, काकू. लय पाणी होतं."

"पाणी तं माह्या विहिरीतबी हाय. किती फुटावर होतं थे सांग."

बाई पाटी सावरून पुढं गेल्या आणि पारावरची मंडळी हसून हसून बेजार झाली. त्यानंतर महिनाभर खेमा त्या पाराकडं फिरकला नाही.

आता तुम्ही म्हणाल, वांगी-मेथी विकणाऱ्या माळणीला भरती-ओहोटीचं एवढं कुठलं आलंय? वाशीमहून समुद्राला जायचं तर आधी आगगाडीनं अकोला, तिथून रात्रंदिवस हादरत मुंबई, आणि पुढं बोटीत उलट्या करत कोकण. आमच्याकडची निम्मी माणसं समुद्र न बघताच वर गेली आणि त्यांचं काही अडलं नाही. पण पंचफुला गेली, वर्षभर राहिली, आणि समुद्राच्या सरकारी वहीत नाव लिहून आली. ते कसं झालं ते ऐका.

सन एकोणीसशे तेहतीसच्या हिवाळ्यात सर्वे खात्याची एक टोळी वाशीमला उतरली. दुर्बीण, तिवई आणि फुटांच्या खुणा रंगवलेली दहा फुटी लाकडी पट्टी असा त्यांचा संसार. समुद्राचं पाणी शून्य धरायचं, आणि तिथून एकेक पट्टी मांडत, डोंगर-घाट चढत, प्रत्येक गावाची उंची मोजत यायचं, हे त्यांचं काम. पट्टी धरणारा त्यांचा माणूस वाटेत आजारी पडला होता, म्हणून त्यांनी गावातला एक माणूस घेतला. तो पंचफुलाचा नवरा, शालिकराम. चौथी पास, अंगानं काटक. दिवसभर वाऱ्यात पट्टी धरून उभा राहिला तरी तसूभर हलायचा नाही.

एक दिवस पंचफुला त्याची भाकर घेऊन गेली आणि मोजणीवाल्या अमीन लोकांचं बोलणं ऐकत उभी राहिली. वाशीम समुद्रापासून अठराशे फुटांच्या आसपास उंच आहे, असं ते सांगत होते. तिनं पदर सावरला आणि सरळ विचारलं, "समुद्राचं पाणी तं खालीवर होते म्हणतात. मंग तुमचा शून्य कोणत्या पाण्याचा?"

शालिकरामला वाटलं, आता नोकरी गेली. पण म्हातारा अमीन खूष झाला. त्यानं तिला नीट समजावून सांगितलं. किनाऱ्यावर ठिकठिकाणी सरकारी ठाणी आहेत. तिथं एक माणूस बसतो आणि पाणी किती चढलं, किती उतरलं ते रोज टिपतो. वर्षाचे कागद जमले की त्यांची सरासरी काढायची, तो शून्य. शिवाय सगळ्या ठाण्यांचे कागद शेजारी शेजारी मांडले की समुद्राचा स्वभाव कळतो. कुठल्या बंदरात कधी किती पाणी असेल ते आधी सांगता येतं, आणि कॉलेजातले विद्वान त्यावर अभ्यास करतात.

"म्हंजे सगळं त्या बसणाऱ्या माणसावर हाय," पंचफुला म्हणाली.

"अगदी बरोबर," अमीन म्हणाला. आणि पुढच्याच वर्षी कोकणातल्या एका लहान बंदरावर नवीन ठाणं निघालं, तेव्हा त्यानं शालिकरामचं नाव वर पाठवलं. काम एका वर्षाचं, राहायला खोली, आणि बायकोला नेण्याची परवानगी.

सासूनं, मनकर्णाबाईनं, रडून घर डोक्यावर घेतलं. सुनेला नुकतेच कुठं दिवस गेलेले, आणि हे निघाले पाण्यावर. पण पंचफुलानं गाठोडं आधीच बांधलं होतं.

बंदर म्हणजे काय, चाळीसेक कोळ्यांची घरं आणि एक जुना दगडी धक्का. धक्क्याच्या मुळाशी त्यांच्या राहण्याचं मातीचं घर, आणि टोकाला सरकारनं बांधलेली यंत्राची पत्र्याची खोली. खोलीच्या मधोमध एक लोखंडी विहीर, माणसाच्या छातीएवढ्या घेराची, थेट समुद्राच्या तळापर्यंत उतरवलेली. तळाशी बाहेरच्या बाजूला मुठीएवढं भोक. त्या भोकातून समुद्राचं पाणी हळूहळू आत यायचं आणि हळूहळू बाहेर जायचं. बाहेर लाटा कितीही आपटोत, विहिरीतलं पाणी शांत. त्यावर एक पितळी डबा तरंगायचा, डब्याला साखळी, साखळीला पेन्सिल, आणि पेन्सिलीसमोर घड्याळावर फिरणारं कागदाचं नळकांडं. पाणी चढलं की रेघ चढायची, उतरलं की उतरायची. दिवसभराचा समुद्र एका कागदावर उमटायचा.

बाहेर धक्क्याला एक पट्टी ठोकली होती, फुटाच्या आणि फुटाच्या दहाव्या भागाच्या खुणा केलेली. दिवसा येणाऱ्या भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा ती डोळ्यांनी वाचायची आणि पेन्सिलीशी ताडून वहीत लिहायची. वहीत दोन रकाने होते, एक आतल्या पेन्सिलीचा, दुसरा बाहेरच्या पट्टीचा. दोन्ही जुळले म्हणजे यंत्र धडधाकट. आठवड्यातून एकदा समुद्राच्या पाण्याची बाटली भरून, लाख लावून, मुंबईच्या विद्वानांकडं पाठवायची. असं ते ठाणं होतं.

शालिकराम कामात चोख होता. घड्याळाला किल्ली, पेन्सिलीला टोक, वहीला स्वच्छ अक्षर. पण कोकणची हवा त्याला मानवली नाही. पावसाळ्यात हिवताप लागला तो दर आठ दिवसांनी आडवा पाडायला लागला. शेवाळलेल्या पायऱ्या उतरून पट्टीपर्यंत जाणं त्याला होईना. मग पंचफुला उतरायला लागली. पोट पुढं आलेलं, पायऱ्या निसरड्या, शेजारची तुळसाबाई कोळीण ओरडायची, "काय गो बाय, मरायचंय काय?" पण हिनं लहानपणापासून विहिरीच्या पायऱ्या उतरलेल्या. आकडे तिला शालिकरामनं आठ दिवसांत शिकवले. ती खालून ओरडून सांगायची, तो वरून लिहायचा. वाचणाऱ्याच्या नावाच्या जागी तो आपलं नाव लिहायचा, कारण नोकरी त्याची होती. पंचफुलाला त्याचं काही वाटत नव्हतं. आपण वाचलेला आकडा पेन्सिलीशी जुळला की तिला जे वाटायचं ते पुष्कळ होतं.

पौषाच्या सुरुवातीला पंचफुला बाळंत झाली. मुलगी झाली. तुळसाबाईनं सगळं केलं, अगदी सख्ख्या मावशीनं करावं तसं. महिन्याभरानं वाशीमहून मनकर्णाबाईनं एक पुरचुंडी पाठवली. आत पोरीसाठी टोपडं, डिंकाचे लाडू, आणि हिरवा जरीकाठी खण. सोबत कुणाकडून तरी लिहून घेतलेली चिठ्ठी: "सव्वा महिना झाल्यावर विहीर पूजजो. आसराले खण देल्याबिगर पाण्याले हात लावू नोको."

आमच्याकडची रीत आहे ती. बाळंतीण सव्वा महिन्यानं विहिरीवर जाते, हळद-कुंकू वाहते, पाण्यातल्या आसरा देवींची ओटी भरते, आणि मगच पुन्हा घागर उचलते. आता कोणती विहीर पुजायची? प्यायचं पाणी तुळसाबाईच्या आळीतून यायचं, ती विहीर दुसऱ्यांची. पंचफुलानं सरळ हिशोब केला. वाशीमला मळ्याची विहीर आपलं पोट भरते म्हणून आपण मळ्याची विहीर पुजतो. इथं आपलं पोट कोणती विहीर भरते?

माघ शुद्ध दशमी. शालिकराम बाटली टपालात द्यायला गेला होता. पंचफुला न्हाऊन, पोरीला पदराखाली घेऊन यंत्राच्या खोलीत गेली. लोखंडाला हळद-कुंकू लावलं. नारळ बाहेर फोडला. खणात हळकुंड, सुपारी आणि मूठभर तांदूळ बांधले आणि ती ओटी अलगद विहिरीत सोडली. विहिरीत काही टाकायचं नाही असं शालिकरामनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण तो केरकचऱ्याबद्दल बोलत होता. ओटीचा खण का केरकचरा आहे? तिच्या मनात तसा विचारसुद्धा आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आकडे जुळेनात.

"अडीच," पंचफुला खालून ओरडली.

"नीट पाय," वरून शालिकराम म्हणाला. "पेन्सिल तीनावर हाय."

"अडीच हाय म्हणते न."

"लाटेनं फसली असशीन. तीन लिहितो."

पहिल्या दिवशी तिनं ते मानून घेतलं. सव्वा महिना शालिकरामनंच कशीबशी पट्टी वाचली होती, ती आत्ता कुठं खाली उतरली होती, वाटलं नजर चुकली असेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. पौर्णिमेला तर तिला पावणेदोन दिसले आणि पेन्सिल म्हणाली सव्वातीन. ती वर आली, पदर खोचून नवऱ्यासमोर उभी राहिली.

"तुमी माहे आकडे लिहून राह्यले का पेन्सिलीचे?"

"पेन्सिल कायले खोटं बोलंन?" शालिकराम तापानं कण्हत म्हणाला. "थे इलायतेचं यंत्र हाय. तू आताच बायतपणातून उठली. डोळे कच्चे असतात बाईचे."

झालं. त्या वाक्यानं पंचफुलाच्या अंगाची लाही लाही झाली. सहा महिने याच डोळ्यांनी पाहिलेले आकडे वहीत गेले, तेव्हा डोळे पक्के होते. आणि आता एकदम कच्चे? ती भांडली नाही. स्वयंपाकघरात गेली, चुलीतला कोळसा घेतला आणि मागच्या मातीच्या भिंतीवर आपलं खातं उघडलं. एक फूट म्हणजे एक उभी रेघ, दहावा भाग म्हणजे एक टिंब. भरती वर, ओहोटी खाली, आणि दिवसागणिक एक ओळ. गेल्या चार दिवसांचे आकडे तोंडपाठ होतेच, तेही लिहिले. तुम्ही वहीत काय लिहायचं ते लिहा, म्हणाली मनात, खरं काय ते माझ्या भिंतीवर आहे.

इकडे शालिकराम दोन्ही रकान्यांत पेन्सिलीचाच आकडा लिहीत होता. तो लबाड नव्हता, हे लक्षात ठेवा. त्याचा यंत्रावर विश्वास होता, बायकोवर त्याहून थोडा कमी, एवढंच. आणि त्यात वरून पत्र आलं. माघी अमावास्येला तपासणीचे साहेब येणार. वर्ष पुरं व्हायला थोडेच दिवस उरले आहेत, सगळे कागद सलग आणि खरे असतील तर या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक छापलं जाईल. नोंदी मध्येच बिघडलेल्या आढळल्या तर वर्ष रद्द, माणूस रद्द, पुन्हा पहिल्यापासून. पत्र वाचून शालिकरामची पाचावर धारण बसली. अकरा महिने हिवतापात काढले ते काय यासाठी?

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी, चतुर्दशीच्या संध्याकाळी, मोठी ओहोटी होती. पंचफुलाला पट्टीवर एक फूट दिसला. पेन्सिल तीनच्या खाली यायला तयार नव्हती. भिंतीवर ओळ ओढली, पण आज ती तेवढ्यावर थांबली नाही. पोरीला तुळसाबाईकडं दिलं आणि यंत्राच्या खोलीत विहिरीच्या काठाशी बसून राहिली. दुपारची भरती तिनं ताडून पाहिली होती, आतलं-बाहेरचं अगदी जुळलं होतं. म्हणजे पाणी येताना नीट येत होतं. जाताना अडत होतं.

असं पाणी तिनं हजारदा पाहिलं होतं. मळ्यात पाटाचं पाणी वाफ्यात घ्यायचं, वाफा भरला की दाराला चिंधीचा बोळा लावायचा. बोळा नुसता आतून लावलेला असला तर बाहेरचं पाणी त्याला ढकलून आत येतं, पण आतलं पाणी निघायला लागलं की तेच त्याला भोकात घट्ट बसवतं. आठ वर्षांच्या माळ्याच्या पोरीलाही हे कळतं. भोकात चिंधी आहे, ती मनाशी म्हणाली. आणि चिंधी हा शब्द मनात आला तशी ती ताडकन उठली.

ती धावतच पायऱ्या उतरली. काष्टा घट्ट केला आणि कंबरभर पाण्यात शिरून विहिरीला वळसा घातला. पाणी स्वच्छ होतं. तळाच्या भोकातून बोटभर हिरवं कापड बाहेर आलं होतं, आणि त्यावर जरीचा काठ. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. तिनं हात लावून पाहिलं. खण तोच, सासूनं वाशीमहून पाठवलेला.

ती तशीच ओल्या लुगड्यानं वर आली आणि शालिकरामला सगळं सांगितलं. तो अंथरुणावर उठून बसला.

"काहाडला का?" त्यानं विचारलं.

"नाई."

"काहून नाई? जा, आताच वढून काढ. उद्या साहेब येईन, पेन्सिल पट्टीशी जुळंन, वही जुळलेलीच हाय. कोणाले काही कळत नाई. गप बस न मोकळी हो."

खरं सांगायचं तर तो म्हणत होता ते सोळा आणे बरोबर होतं. एक हिसका, की सगळं सुरळीत. खण ओहोटीबरोबर वाहून गेला असता. नवऱ्याची नोकरी राहिली असती, वर्ष पुरं झालं असतं, आणि तिच्या चुकीचं नावही कुणी काढलं नसतं. तुमच्या-माझ्यासारख्यानं क्षणाचाही विचार केला नसता.

पंचफुला चुलीपाशी बसली. "मी वढून काढला, तं थे एकोणीस दिवस?" ती म्हणाली. "तुमच्या वहीत समुद्र तीन फुटावरच थांबला. थो तं एकावर गेलता. म्या पाह्यला. उद्या थे कोष्टक छापतीन, कोण्या गावचा तांडेल थे पाहून गलबत घेऊन येईन. त्याले वाटंन तीन फूट पाणी हाय. असंन एकच. मंग थो फुटला तं कोणाले विचारंन?"

"अन् माह्या नोकरीचं?"

तिला रडू आलं. तेही खरं होतं. पोरगी दोन महिन्यांची, नवरा तापानं खंगलेला, आणि अकरा महिन्यांची मेहनत आपल्याच हातानं बुडवायची. "मले माफ करा," ती म्हणाली, "पण खण मी काढणार नाई. साहेबाच्या डोळ्यानं पाहू द्या. नाई तं माह्या आकड्याले कोण खरं मानन?" शालिकराम भिंतीकडं तोंड करून निजला. त्या रात्री दोघं जेवले नाहीत.

साहेब दुसऱ्या दिवशी दुपारच्या बोटीनं आले. पुणेरी बोलणारे, पिकल्या मिशांचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी घड्याळ तपासलं, वही उलटली, अक्षराची तारीफ केली. संध्याकाळी ओहोटी लागल्यावर ते स्वतः पायऱ्या उतरून पट्टी वाचायला गेले. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

"बाहेर नऊ दशांश," ते म्हणाले. "आत तीन फूट. आणि तुमच्या वहीत काल दोन्हीकडं तीन. शालिकराम, हे कसं काय?"

शालिकराम चाचरला. आजच काहीतरी बिघडलं असेल, असं म्हणायला जागा होती आणि ते शब्द त्याच्या ओठांवर आलेही होते. त्यानं दारात उभ्या असलेल्या बायकोकडं पाहिलं.

"बाहेरचे आकडे म्या पेन्सिलीवरून लिहिले, साहेब," तो म्हणाला. "एकोणीस दिवसापासून. पट्टी म्या पाह्यलीच नाई."

साहेबांनी वही मिटली. "मग हे वर्ष गेलं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात रागापेक्षा थकवाच जास्त होता. "एवढ्या लांब येऊन हेच पाहायचं होतं."

"वर्ष गेलं नाई," पंचफुला म्हणाली. "आधी माहा गुन्हा पाहा, मंग बाकीचं सांगते."

तिनं साहेबांना धक्क्यावरून भोक दाखवलं, आणि पाण्यात उतरून त्यांच्या डोळ्यांदेखत खण ओढून काढला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? हळकुंड अजून गाठीतच होतं. वर खोलीत पेन्सिल भराभरा खाली उतरायला लागली आणि थोड्याच वेळात पट्टीशी येऊन जुळली. तिनं विहीर कशी पुजली, का पुजली, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग त्यांना घेऊन ती स्वयंपाकघरात गेली.

साहेबांनी भिंत पाहिली. आधी त्यांना कळेना. पंचफुलानं रेघ म्हणजे काय, टिंब म्हणजे काय ते सांगितलं, तसे ते जवळ सरकले. चष्मा पुसला. यंत्राच्या कागदांची गुंडाळी मागवली आणि भिंतीवरची एकेक भरती कागदावरच्या भरतीशी ताडून पाहू लागले, कारण खण अडकलेला असतानाही भरतीची रेघ खरीच होती. पहिली जुळली. दुसरी जुळली. एकोणीसच्या एकोणीस भरत्या टिंबाटिंबानं जुळल्या.

मग जे झालं ते तुळसाबाई पुढं कितीतरी वर्षं कोळीवाड्यात सांगायची. मोठ्या कचेरीतले साहेब, टोपी काढून, मांडी घालून, पंचफुलाच्या चुलीपुढं शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसले आणि भिंतीवरचे कोळशाचे आकडे सरकारी कागदावर उतरवून घ्यायला लागले. पंचफुला पोरीला मांडीवर घेऊन एकेक ओळ वाचून दाखवत होती. "ओहोटी, दोन अन् चार टिंबं. पुढची ओहोटी, दोन अन् एक." साहेब लिहीत होते, आणि कुठं शंका आली तर तिलाच विचारत होते. शालिकराम दारात उभा राहून ऐकत होता. आपली बायको एवढी मोठी आहे हे आपल्याला इतके दिवस दिसलं कसं नाही, असं त्याला वाटत होतं.

लिहून झाल्यावर साहेब म्हणाले, "ज्याच्या भरत्या इतक्या खऱ्या, त्याच्या ओहोट्याही मी खऱ्या धरतो. रेघ या आकड्यांवरून दुरुस्त होईल. वर्ष राहिलं. शालिकराम, तुम्ही खरं बोललात म्हणून तुम्हीही राहिलात. पुन्हा असं करू नका." मग त्यांनी वहीच्या शेऱ्याच्या जागी टाक टेकवला. माणूस कनवाळू होता. "विहिरीच्या भोकात कापड अडकले, कारण अज्ञात, असं लिहितो. बाई, तुमचं नाव यात कशाला?"

"अज्ञात कायले? मी हाय न इथं," पंचफुला म्हणाली. "कारण लिहिलं नाई, तं उद्या कोणी म्हणंन विहीरच खराब होती, का माणूसच झोपला होता. मंग बाकीच्या अकरा महिन्यांवर कोण भरोसा ठेवन? आकडे माहे असतीन तं चूकबी माहीच लिहा. दोन्हीकडं एकच नाव पाह्यजे."

साहेबांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. मग शालिकरामकडं वळून विचारलं, "पूर्ण नाव काय यांचं?"

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि नवराही चारचौघांत बायकोला नावानं हाक मारत नाही. अवं, ऐकतं का, पोरीची माय, एवढ्यावर सगळा जन्म निघतो. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण शालिकरामच्या तोंडून आपलं नाव तिनं एकदाही ऐकलं नव्हतं. तो पुढं आला, साहेबांच्या कागदाशेजारी गुडघे टेकून बसला, आणि पट्टी धरताना उभा राहायचा तसा ताठ झाला.

"पंचफुला," तो मोठ्यानं म्हणाला. "पंचफुला शालिकराम, राहणार वाशीम. एकोणीस दिवसाचे आकडे तिचे. त्याच्या आधीच्या सहा महिन्यांचेबी तिचेच होते, साहेब. थितं माहं नाव खोडा."